डाव्या रांगेतली रोपं

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. कुठे काना राहून जातो, कुठे अनुस्वार उगाच पडतो. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे हातात पेन आला तो हजेरीवर सही करण्यापुरता. चूक दिसेल तिथे माफ करावं. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण वही कधी कोणाच्या हाती लागलीच, तर असावं म्हणून सांगते.

तोंडाने मला हे सांगता आलं नसतं. चार माणसं बसली की माझा आवाज घशातून वर येत नाही. लग्न झालं तेव्हा सासरी महिनाभर सगळ्यांना वाटलं की मुकी पोरगी गळ्यात बांधली.

मी अकोल्याला राहते, जठारपेठेच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांत. आमच्या घरचे धान्याच्या बाजारात पोती उचलतात. मी एका शेतकी कॉलेजात रोजंदारीवर आहे. आधी गवत काढायला होते. मग मुकादमाने एक दिवस सांगितलं की आत एका ताईला काचेची भांडी धुवायला बाई पाहिजे, आणि तू बडबड करत नाहीस, तर तू जा. माझ्या न बोलण्याचा झालेला फायदा तेवढा एकच.

ती ताई सव्वीस-सत्तावीस वर्षांची, अमरावतीची, मुसलमान घरातली. घरचा धंदा संत्र्यांचा. वडील बगीच्यांचा बहार घ्यायचे, म्हणजे फळ झाडावर असतानाच सौदा करायचे आणि मग पेट्या भरून बाहेरगावी पाठवायचे. ती डॉक्टर होणार होती, पण माणसांची नाही, झाडांचीही म्हणता येणार नाही, पानांची, असं तिने पहिल्याच दिवशी हसत सांगितलं. घरी त्यांची हिंदी चालायची, माझ्याशी ती आमच्यासारखीच वऱ्हाडी बोलायची. मी तिला ताई म्हणायचे, ती मला मावशी.

खोलीच्या दाराशी एका स्टुलावर तिने प्लास्टिकची ताटली ठेवली होती. आत जायच्या आधी अंगावरचं सगळं लोखंड त्यात काढून ठेवायचं. मला वाटलं, माझ्या अंगावर कुठलं आलंय लोखंड. तिने बोट दाखवलं. मंगळसूत्राला पाच सेफ्टी पिना होत्या. बाईच्या गळ्यात त्या असतातच; हूक तुटला, काटा रुतला, की कामी येतात. केसांतल्या दोन पिना निघाल्या. कमरेची किल्ली निघाली. ताटली भरली आणि मला लाज वाटली, जणू चोरीचा माल सापडला.

"नळाचं पाणी बी आत आणाचं नाही, मावशी," ती म्हणाली. "त्यातही हाय."

आम्ही जन्मभर जे पाणी पितो त्यात लोखंड आहे, हे ऐकून मी त्या दिवशी घरी जाऊन ग्लासात पाणी घेतलं आणि उजेडात धरून पाहिलं. काहीच दिसलं नाही.

आत खोली थंड होती. छताला पांढरे दिवे, ते सकाळी आपोआप लागायचे, संध्याकाळी विझायचे. खाली काळ्या कागदात गुंडाळलेले चोवीस टब, बारा उजवीकडे, बारा डावीकडे. माती कुठेच नाही. टबात पाणी आणि पाण्यात जंबेरीची रोपं. संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात ते रानलिंबू. प्रत्येक टबात एक बारीक नळी बुडबुडे सोडत असायची. ताई त्या पाण्यात आठ-दहा तऱ्हेची मिठं मोजून टाकायची. उजव्या रांगेला सगळी. डाव्या रांगेला सगळी, फक्त लोखंड सोडून.

महिनाभर दोन्ही रांगा सारख्याच दिसल्या. मग डाव्या रांगेतली वरची पानं फिकी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. त्यानंतर जे कोवळं पान फुटलं ते पिवळंही नव्हतं, धुतलेल्या कागदासारखं पांढरं होतं. मी भांडी धुता धुता ते पाहायचे. कोणी रोज सकाळी वजनकाटा लावून, वही भरून, ठरवून कोणाला तरी उपाशी ठेवतं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. आणि ती इतकी चांगली पोरगी. डब्यातली पहिली पोळी मला द्यायची.

तीन दिवस मनात जुळवून मी विचारलं, "ताई, हे काहून उपाशी ठेवले जी?"

तिला आनंदच झाला. माझ्याकडून तिने ऐकलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असेल. तिने हात पुसले आणि खाली माझ्याशेजारी बसून सांगितलं. तिच्या वडिलांनी घेतलेल्या बगीच्यांत अशीच पिवळी झाडं निघतात. आपल्या काळ्या मातीत लोखंड नाही असं नाही, पण चुनखडी असली की ते अडकून पडतं, झाडाला उचलता येत नाही. मग शेतकरी हिराकस, म्हणजे लोखंडाचं मीठ, पाण्यात कालवून पानांवर फवारतात. काही पानं हिरवी होतात, काही तशीच राहतात. पान म्हणजे सपाट कागद नाही, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो लहान खोल्या असतात, त्यांना पेशी म्हणतात. लोखंड पानापर्यंत येऊन भागत नाही, ते त्या खोल्यांच्या आत गेलं पाहिजे. येताना ते बांधलेल्या पुडीसारखं येतं. खोलीच्या दाराशी पुडी सोडावी लागते, तेव्हाच ते आत जातं. तिला पाहायचं होतं ते एवढंच, की उपाशी पानाची खोली ही पुडी जास्त जोराने सोडते का कमी.

मला हसू आलं. "उपाशी असन तो जास्त खाईन. ह्यात पाहाचं काय?"

"मुळं तसंच करतात," ती म्हणाली. "भुकेलं मूळ दुप्पट जोर लावते. पानाचं मी सांगू शकत नाही."

आलुबोंड्याची पैज लागली. पान जास्त खाईल असं मी म्हटलं. ती म्हणाली की ती कोणत्याच बाजूने नाही, पण आलुबोंडा मात्र खाईल.

आता मला स्वतःचं सांगावं लागेल, ते सांगायला नको वाटतं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कॉलेजात रोजंदारीच्या बायांचं रक्त तपासायला नर्सबाई आल्या होत्या. बोटाला टोचलं, मशीनमध्ये घातलं. माझा आकडा सातच्याही खाली आला. नर्सबाईंनी मशीन झटकून पुन्हा टोचलं. पुन्हा तोच. तू उभी कशी आहेस, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, आणि लाल गोळ्यांच्या पट्ट्या हातात दिल्या. रोज एक घे, लोखंड आहे त्यात.

चार दिवस घेतल्या. मळमळायचं, आणि परसाकडे काळं व्हायला लागलं, डांबरासारखं. मी इतकी घाबरले की काही सुचेना. विचारायचं तर कोणाला, आणि कोणत्या तोंडाने. गोळ्या बंद केल्या आणि पट्ट्या पावडरच्या रिकाम्या डब्यात लपवल्या. पुढच्या महिन्यात नर्सबाई आल्या तेव्हा घेते म्हणून सांगितलं आणि आणखी पट्ट्या आणल्या. डबा भरत गेला.

मला काही होत नव्हतं, असंच मी समजत होते. दम लागायचा, पण वय झालं. भूक मरून गेली होती, अर्धी भाकर पुरायची, तर वाटायचं शरीराला लागत नसेल. एकच गोष्ट होती. मला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची. घरात शाळेत जाणारं लेकरू नाही, तरी मी दुकानातून पेन्सिलींचा डबा आणायचे आणि पदराआड कुडूम कुडूम खायचे. दुकानदार एकदा म्हणाला, नातू चांगला शिकून राहिला वाटते. मी हो म्हटलं.

ईद आली. ताई चार दिवसांसाठी अमरावतीला गेली. जाताना खोलीची किल्ली माझ्याकडे दिली, ती किल्ली ताटलीत ठेवायची आठवणही करून दिली. पाणी कमी झालं तर कॅनमधलं शुद्ध पाणी खुणेपर्यंत भरायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या एका रोपाचं शेंड्याचं पान वाळलं. कड तपकिरी झाली आणि हात लावला तर गळून पडलं. मी ते हातात घेऊन उभी राहिले. समोर उजवी रांग हिरवीगार. बुडबुडे दोन्हीकडे सारखेच.

माझ्या माहेरी अंगणात लिंबाचं झाड होतं. ते पिवळं पडलं की आई गंजलेले खिळे, तुटक्या विळ्याचं पातं, असलं काय काय बुडाशी पुरायची, आणि झाड सुधारायचं. मला ते आठवलं. खिळे इथे आणता आले नसते, नियम होता. पण माझ्या घरी पावडरच्या डब्यात औषधाचं लोखंड पडून होतं, स्वच्छ, दवाखान्याचं, माणसाने खावं असं. मी घेत नव्हते, तर त्यांनी घ्यावं.

मी नियमसुद्धा पाळला, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. गोळ्या खलबत्त्यात कुटल्या नाहीत, तो लोखंडी आहे म्हणून. चार भरलेल्या पट्ट्या सोलून दगडी पाट्यावर वाटल्या. कागदाच्या पुडीत घेऊन गेले, पिना ताटलीत काढल्या, हात तीनदा धुतले, आणि डाव्या रांगेतल्या दाराकडच्या सहा टबांत चिमूट चिमूट टाकली. सहाव्याला पुडी संपली. पाणी जरासं लालसर झालं. दुसऱ्या दिवशी लाली दिसली नाही.

ताई परत आली तेव्हा काही कळलं नव्हतं. आठवडा-दीड आठवडा गेला आणि एका सकाळी ती डाव्या रांगेसमोर तशीच उभी राहिली, हातातली पर्स न ठेवता. सहा टबांतली रोपं हिरवी होत होती. उरलेली सहा पांढरी. मला तर आधीपासून दिसत होतं आणि मी मनातून खूश होते. वाटलं, ती हसेल.

ती पांढरी पडली. तिच्या तोंडाकडे पाहून मला कळलं की मी काय केलंय ते मला कळलेलं नाही.

तिने पहिला संशय पाण्यावर घेतला. कॅन फोडून तपासले. मग बुडबुड्यांच्या नळ्या, मग मिठांच्या बाटल्या, मग छतातून गंज गळतो का ते शिडी लावून पाहिलं. स्वतःच्या पैशाने सगळी मिठं नवीन मागवली. मला तिने एकदाच विचारलं, "मावशी, तुमी काही टाकलं त नाही?" आणि मी उत्तर द्यायच्या आधीच स्वतः म्हणाली, "तुमी कायले टाकसान." मी मान हलवली. मान हलवली म्हणजे काय केलं, ते मलाही सांगता येणार नाही. ती सांगण्याची वेळ होती आणि ती निघून गेली. रोज वाटायचं आज सांगू. रोज भांडी धुऊन घरी जायचे.

तिचे सर आले, त्यांनी पाहिलं आणि सगळी चोवीस रोपं फेकून द्यायला सांगितली. फेकायच्या आधी पानं हाताशी आहेत म्हणून ताईने एकदा ती चाचणी करून पाहिली. मी नळ्या धूत होते, म्हणून मला ते सगळं दिसलं. पानातून तिने बटणाएवढ्या गोल चकत्या पाडल्या. त्या काचेच्या नळ्यांत पाण्यात सोडल्या. त्या पाण्यात बांधलेलं लोखंड होतं, आणि एक पांढरी भुकटी होती जी पुडी सुटली की गुलाबी होते. जितकं लोखंड सुटेल तितका रंग गडद. वर दिवा लावला, कारण उजेड नसला तर पान हे काम नीट करत नाही, असं ती म्हणाली.

आम्ही दोघी बसून राहिलो. हिरव्या पानाची नळी गुलाबी व्हायला लागली, मग चांगलीच लाल. आणि पांढऱ्या पानाची नळी तशीच. जराशी छटा आली, न आल्यासारखी.

मला वाटलं नळ्या उलट्यापालट्या झाल्या. मी चिठ्ठी पाहिली. बरोबर होती. ज्याचं पोट भरलेलं तो जोरात खात होता, आणि जो महिनोन्महिने उपाशी, त्याच्या तोंडाशी घास नेला तर तो हात पुढे करत नव्हता. आणि मी ज्यांना गोळी घातली होती ती पानं मधल्याच रंगाची. मी पैज हरले होते. ताईला पैज आठवतच नव्हती. ती म्हणाली, ह्याला काही अर्थ नाही, ह्या सहा टबांत कुठून काय आलं तेच माहीत नाही, तर ह्यातलं मी काय लिहू.

रोपं मीच उपटून खताच्या खड्ड्यात नेऊन टाकली. पांढरी लांब मुळं होती, माझ्या मनगटाला गुंडाळली गेली.

ताई अमरावतीला गेली ती आली नाही. मुकादमाने सांगितलं की ती सोडते आहे. तिला मिळणारे पैसे येत्या मार्चपर्यंतच होते. नवी रोपं लावायची तर आत्ताच लावावी लागतील, पण लोखंड कुठून शिरलं हे सापडत नाही तोवर लावण्यात अर्थ नाही, पुन्हा तेच होईल, असं सर आणि ती दोघंही म्हणत होते. दोन वर्षांचं काम, म्हणे, बसलं.

म्हणजे ती कुठे अडली होती ते जगात फक्त मला माहीत होतं.

फोनवर मला बोलता येत नाही. रविवारी सकाळी अमरावतीच्या बसमध्ये बसले. पिशवीत तो पावडरचा डबा घेतला, रिकाम्या पट्ट्यांसकट. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मी तोंडातल्या तोंडात वाक्य घोकत होते. संत्र्यांच्या आडतीवर विचारत विचारत घर सापडलं. हंगाम संपलेला, अंगणात रिकाम्या पेट्या घराच्या छपराएवढ्या उंच रचलेल्या, खाली वाळलेलं गवत. दार तिच्या आईने उघडलं. मी कोण ते सांगता येईना, तर त्यांनीच अंगणात पेट्यांच्या सावलीत बसवून पाणी दिलं आणि तिला हाक मारली.

ताई आली, मला पाहून थबकली. घोकलेलं वाक्य गेलं. मी डबा तिच्यासमोर ठेवला.

तिने उघडला. एक पट्टी काढली, पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं. मग दुसरी काढली. चारही पट्ट्या मांडीवर ओळीने ठेवल्या. आतून कुकरची शिट्टी झाली.

"चाळीस?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"सहा टबांत?"

"हो जी."

"कोणत्या टबात किती?"

"चिमूट चिमूट."

"चिमूट म्हणजे किती, मावशी?"

मी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. मग तिचा आवाज चढला. दोन महिने मी पाण्याले शिव्या देऊन राहिली, ती म्हणाली, छत उखडायचं बाकी ठेवलं, सरांसमोर रडली, आणि तुमी माझ्या बाजूले बसून नळ्या धूत होत्या. तिची आई दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. मी खाली गवताकडे पाहत होते. कोणी मला त्याआधी असं बोललं नव्हतं आणि ते सगळं खरं होतं.

बोलता बोलता ती एकदम थांबली.

"ह्या गोळ्या तुमाले कोणं देल्या?"

मी सांगितलं. आकडाही सांगितला. ती उठून माझ्यासमोर आली आणि न विचारता अंगठ्याने माझ्या डोळ्याखालची पापणी ओढली. मग जीभ दाखवा म्हणाली. एवढ्या मोठ्या बाईने लेकरासारखी जीभ काढली. जेवता किती, म्हणाली. अर्धी भाकर, भूकच लागत नाही, मी म्हटलं. आणि काही खावंसं वाटते का, माती, कच्चे तांदूळ असं काही? तिला कसं कळलं ह्याचाच मला धक्का बसला. पिशवीतून मी पेन्सिलींचा डबा काढून दिला. तो देताना जितकी लाज वाटली तितकी गोळ्यांची वाटली नव्हती.

तिने एक पेन्सिल हातात घेतली. दातांच्या खुणा होत्या.

"त्या दिवशी पांढऱ्या पानाची नळी पाह्यली न तुमी?" ती हळू म्हणाली. "लोखंड समोर होतं, त्यानं घेतलं नाही. तुमी त डाव्या रांगेतल्याच निघाल्या."

मी आजवर समजत होते की भूक नाही म्हणजे गरज नाही. शरीराला हवं असेल तर ते मागेल. मागत होतं ते पाटीवरची पेन्सिल मागत होतं. त्या अंगणात, पेट्यांच्या सावलीत, मला पहिल्यांदा माझ्याच हातांची भीती वाटली. नखं पाहिली तर त्या कागदासारख्या पानाचा रंग.

तिच्या आईने जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ताई मात्र जेवायला बसली नाही. मला निरोप द्यायलाही आली नाही.

पण पुढच्या आठवड्यात ती अकोल्याला आली आणि खोली उघडली. लोखंड कुठून आलं ते आता कळलं होतं, म्हणून सरांनी हो म्हटलं. ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. हे धुवा. ते भरा. किल्ली स्वतःकडे ठेवायची. मला वाईट वाटत नव्हतं, तिच्या जागी मी असते तर मला कामावरूनच काढलं असतं. पंधरा-वीस दिवसांनी एकदा मी पिना ताटलीत ठेवत होते तेव्हा ती म्हणाली, "पुडी-बिडी नाही न आज?" आणि हसली नाही, पण तिथून पुन्हा बोलणं सुरू झालं.

ह्या वेळी टब तीन रांगांत लावले. उजवी, डावी, आणि मधली. मधल्या रांगेला आधी उपाशी ठेवायचं आणि मग लोखंड परत द्यायचं, पण काट्यावर मोजून, तारीख लिहून, म्हणजे कोणाला किती मिळालं ते वहीत राहील. माझ्या सहा टबांत झालं तेच, पण नीट. ही तुमची रांग, ती म्हणाली. ते कौतुक होतं की टोमणा, मी अजून ठरवलेलं नाही.

तिने स्वतःच्या पैशाने आणलेली मिठं आणि ते बांधलेलं लोखंड, सगळं मिळून सहा हजार गेले होते. पावती मी टेबलावर पाहिली होती, आकडे मला वाचता येतात. ते मी देणार, असं मी सांगितलं. ती नाही म्हणाली. पगाराच्या दिवशी मी सहाशे रुपये घेऊन दाराशी उभी राहिले आणि आत येईना. शेवटी तिने अट घातली. तुमी माझ्यासमोर रोज एक गोळी घ्यायची, लिंबाच्या पाण्यासोबत, चहासोबत नाही. काळं होतं ते होऊ द्यायचं, लोखंडाने तसं होतंच, त्यात भिण्यासारखं काही नाही. मग मी पैसे घेते.

कोणी हे एक वाक्य चार महिने आधी मला सांगितलं असतं, की त्यात भिण्यासारखं काही नाही! पण मी विचारलंच कोणाला होतं.

रोज अकरा वाजता मी दाराबाहेर स्टुलाशी गोळी घ्यायचे. ताटलीत पिना, हातात अर्ध्या लिंबाचं पाणी. मळमळ दोन महिने राहिली, मग कमी झाली. पाटीची पेन्सिल कधी सुटली ते कळलंच नाही. दिवाळीत घर झाडताना पेन्सिलींचा एक जुना डबा सापडला, एक तोंडात घालून पाहिली तर नुसता चुना. नर्सबाईंनी पुन्हा टोचलं तेव्हा आकडा नऊच्या वर गेला होता. त्या म्हणाल्या, अजून चालू ठेव.

थंडीत चाचणी झाली. मला निकाल माहीत होता, तरी नळ्या पाहताना पुन्हा तोच धक्का बसला. उजवीची लाल. डावीची फिकी, जशीच्या तशी, सगळ्याच नळ्या फिक्या. मधल्या रांगेची पानं लोखंड परत दिल्यावर पहिल्या दिवशी डावीसारखीच बसून राहिली. रोज थोडा थोडा रंग चढत गेला. आठवड्यानंतर ती उजवीच्या जवळ आली. मी ताईला विचारलं की उपाशी पान असं काहून करते. पुडी सोडायचं हत्यारच त्याच्याजवळ दुबळं होतं असं दिसते, ती म्हणाली, पण पुरतं मले बी माहीत नाही. इतकं शिकून तिला माहीत नाही, आणि ती ते सरळ सांगते, ह्याचंही मला नवल वाटलं.

फवारा मारून पिवळी पानं लगेच का सुधारत नाहीत, हे तिने तिच्या मोठ्या वहीत लिहिलं. मार्च संपायच्या आत ती वही जमा झाली. त्या दिवशी तिचे वडील अमरावतीहून उशिराच्या बहाराची संत्री घेऊन आले होते, पेटी दाराशीच उघडली.

मी पदराची गाठ सोडली. दहावे सहाशे होते. ताईने आलुबोंडे मागवले होते, पैज तिला कधी आठवली कोण जाणे, आणि त्याचे पैसे मी देऊ लागले तर म्हणाली की ते ह्या हिशेबात नाहीत. मग तिने सहाशे रुपये मोजले, पुन्हा मोजले, पर्समध्ये ठेवले. टेबलावरच्या त्या जुन्या पावतीवर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि माझ्यापुढे सरकवली. मीही केली, माझ्या वाईट अक्षरात. सहा हजार पूर्ण फिटले.